बरफ खंय बघलंस

दिवाळी अंकात मी लिहिलं होतं,
'चैत्राच्या चांदण्यात मिठाच्या राशी
बर्फासारख्या लकाकायच्या.'
शेवंतीकाकीनं नातीकडून ते वाचून घेतलं,
मग आणखी एकदा वाचायला लावलं,
आणि मी गेलो तेव्हा सुपारी कातरता कातरता म्हणाली,
'बरफ खंय बघलंस रे तू?'

कुठंच नाही.
बंदरावर मासळीच्या पेटीत, भुश्यातला,
सुरमईच्या रक्तानं गुलाबी झालेला,
तेवढाच.

'आणि मीठ पयल्या दिसा पांढरा नसता.
मातकट असता. तुका म्हायत आसा.'
मला माहीत होतं.

पुढं तिनं काही विचारलं नाही.
मीच एकेक वाक्य तिच्यासमोर ओतत गेलो,
तिसऱ्यांची पाटी उपडी करावी तशी:
उकडूनही ज्या उघडत नाहीत त्या फेकायच्या.

बाबा पावडी ओढताना गात, हे वाक्य.
बाबा गात नसत, मोजत असत.
किती पाट्या झाल्या, मिरगाला किती दिवस उरले.
मोजताना ओठ हलत.
बांधावरून ते गाण्यासारखं दिसे.
दिसे. ऐकू कधी आलं नाही.

आईच्या टाचांच्या भेगांत मी मेण भरायचो, हे वाक्य.
भरायची बहीण. मला त्या भेगांची भीती वाटे.
लिहिताना मी तिचा हात उचलला
आणि माझ्या मनगटाला जोडला.
तिनं अंक वाचला, फोन केला,
छान लिहिलंयस म्हणाली.

मग ते एक पान,
'अवकाळी पावसानं एका रात्रीत सगळं मीठ नेलं.'
पाऊस नव्हता, काकी.
वैशाखातली अवस होती, उधाणाची.
उघाडीची फळी मी सोडायची होती.
मी तेरा वर्षांचा, बाजारात भाड्याचा व्हिडिओ लागलेला.
परत आलो तर तीन कुंड्या पुन्हा समुद्र झालेल्या,
त्यात चांदण्या.
सकाळी बाबांनी विचारलं, कोण होता फळीवर?
मी म्हटलं, लवू.
एकच मुस्काटात. डाव्या बाजूला.
तुझा लवू, काकी.

अडकित्ता क्षणभर थांबला,
की तो थांबावा असं मला वाटलं म्हणून थांबला?

'खुळो काय तू,' ती म्हणाली,
'त्या वर्साक मीठच खंय झाला? बांध फुटलेलो.'
आणि लवूचा कान?
'तो जन्माचोच एका कानाचो.
तुझ्या बापाशीन हात कधी कोणार उचलूक नाय.'
तिनं सुपारी माझ्या तळव्यावर ठेवली,
बोटं मिटवली माझी, लहान मुलाची मिटवावी तशी.

चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो.
मी डावीकडून कुजबुजायचो, गणिताचं उत्तर,
आणि लवू लिहायचा.
असं मला आठवतं.
अगदी कुठल्या बाजूनं, तेही आठवतं,
म्हणूनच आता त्यावर भरवसा नाही.

तिला खरंच तसं आठवतं,
की तिनं मला माफ करायला एक बांध फोडला?
विचारलं नाही.
विचारून मिळालं असतं ते उत्तर
मी पुढच्या अंकात छापलं असतं.

लवू मालप्याच्या ट्रॉलरवर असतो.
'फोन केलंस तर दमान बोल,
उजव्या कानाक लावता.'

मिठागराच्या जागी आता कोळंबीची तळी.
पंखे पाणी घुसळतात, काठाला फेस साचतो, पांढरा.
कशासारखा, ते मी लिहून घेतलं नाही.
वहीत फक्त लवूचा नंबर आहे, नातीच्या अक्षरात.
शेवटचा आकडा एक आहे की नऊ
कळत नाही,
असं मी स्वतःला सांगतो.